बस न येणारा स्टॉप

त्या संध्याकाळी आम्ही नवरा-बायकोनं स्टॉपवर बसून कुरमुरे खाल्ले. एवढंच. शेवटचं म्हणून वेगळं काही झालं नाही. ते शेवटचं असणार हे माहीत असतं तर मी जास्त लक्ष दिलं असतं, नुसता कुरमुऱ्यातले शेंगदाणे वेचत बसलो नसतो. आमचा संदीप अमेरिकेत ट्रॉय गावी मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर आहे. त्याच्याकडं राहायला आल्यापासून आमचा नेम होता. ऊन उतरलं की घरातून निघायचं, कोपऱ्यावर डावीकडं वळायचं आणि गवताच्या कडेनं चालत एका दगडी चर्चपर्यंत जायचं. त्या चर्चच्या कुंपणाला, अगदी रस्त्याला लागून एक छपरी आहे. चार लाकडी खांब, वर उतरतं छप्पर, मधोमध एक माणूसभर लांबीचा दगड, नि बाजूला लाकडी फाटक. त्या दगडावर बसायचं, गार वाटलं की परत फिरायचं.

त्या छपरीला आम्ही स्टॉप म्हणायचो, त्याला कारण आहे. आल्या आल्या एकदा हिला वाटलं, आपले आपण बसनं बाजारात जाऊन भाजी आणावी. छपरी दिसली, बसायला दगड दिसला, आपल्याकडं एसटीचा निवारा असतो तसंच सगळं. बसलो पिशवी मांडीवर घेऊन. मोटारी जात होत्या, बस काही येईना. शेवटी संदीपच आम्हाला हुडकत गाडी घेऊन आला आणि पोट धरून हसला. म्हणाला, "अप्पा, इथं बस येत नाही. हे चर्चचं गेट आहे." हिनं विचारलं, "मग वर छप्पर कशाला घातलंय?" तो म्हणाला, "स्टाईल असते, आई. जुनी इंग्लिश स्टाईल." तेव्हापासून त्या जागेचं नाव स्टॉपच पडलं. संदीपनं फोन करून "कुठं आहात" विचारलं की ही सांगायची, "स्टॉपवर. बस अजून आली नाही."

त्या दिवशी हिची कंबर भरून आली होती. म्हणाली, "अहो, जरा पाठ टेकते." मी म्हटलं, लोक बघतील. ती म्हणाली, "बघू देत, त्यांना कुठं माझं नाव माहीताय." आणि पदर घट्ट करून त्या दगडावर आडवी झाली. मी उशाला उभा. थोड्या वेळानं मावळतीचं ऊन डोळ्यांवर यायला लागलं, म्हणून उठली नि फिरून झोपली, डोकं होतं तिथं पाय केले. मीही या टोकाचा त्या टोकाला गेलो. आत कुंपणाच्या पलीकडं झुडपं कापणारी एक गोरी म्हातारी असायची, आम्ही तिला कात्रीवाली म्हणायचो. तिच्या कात्रीचा आवाज रोज चालू असे, तो त्या वेळी थांबला होता. एवढं मला आठवतं, कारण एकदम शांत वाटलं होतं.

मग ही उठून बसली. मुठीत राहिलेले चिमूटभर कुरमुरे तिनं चिमण्यांसाठी दगडाच्या कोपऱ्यावर ठेवले. बाटलीतलं उरलेलं पाणी दगडाच्या बुडाशी ओतलं. बाहेर नेलेलं पाणी घरी परत आणायचं नाही, ही तिची जुनीच खोड. वाऱ्यानं फाटक करकरलं, तशी नेहमीसारखी मला बोलली, "जन्मभर साखर कारखान्याला तेल पाजलं. या गरीब फाटकाला दोन थेंब मिळेनात तुमच्याकडनं." मी कारखान्यात ऑइलमन होतो. मी म्हटलं, "माझी ड्युटी संपली." ती म्हणाली, "चला, झालं." आणि आम्ही घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून, कुंकू लावून, ती देवासमोर बसली होती. फणी हातात होती. बसल्या जागी कलली. मला वाटलं, वाकून काही उचलतेय. सूनबाईनं फोन केला, अँब्युलन्स आली, माणसं चांगली होती, त्यांनी जमेल ते केलं. हॉस्पिटलात डॉक्टर संदीपशी इंग्रजीत बोलला नि संदीपनं माझ्याकडं पाहिलं, तेव्हा मला भाषा येत नसूनही सगळं समजलं. मी रडलो नाही. मला काही सुचतच नव्हतं. डोक्यात एकच घोळत होतं, की तिची वेणी अर्धीच राहिली आहे, ती कुणी घालायची.

आता जे सांगायचं आहे ते नीट समजावं म्हणून आमच्या गावचं थोडं सांगतो. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. पण आमच्या गावात कुणी गेलं की ताटी बांधायला मला बोलवायचे. दोन बांबू, आडव्या कामट्या, सुंभ. गाठ कुठं मारायची हे मी माझ्या चुलत्याकडून शिकलो. आमच्याकडं प्रेत घरातून उचललं की थेट मसणवटीत नेत नाहीत. मधे विसावा देतात. गावच्या वेशीजवळ, भैरोबाच्या देवळासमोर, एक दगड आहे. तिथं ताटी खाली टेकवायची. खांदेकरी जागा बदलतात, पुढचे मागं, मागचे पुढं, आणि ताटी फिरते. चिमूटभर तांदूळ ठेवायचे, पाणी सोडायचं. मग पुढं. मी तिथं कुणाला घाई करू दिली नाही. एकदा एका सरपंचाला खडसावलं होतं, "साहेब, मीटिंग असेल तर तुम्ही जा, ह्याला थोडं थांबू द्या." घर सुटलेलं असतं आणि पुढचं ठिकाण आलेलं नसतं. जीवाला एकदा मागं वळून बघायला तेवढी जागा लागते, असं आमची जुनी माणसं मानायची, मीही मानतो. सगळ्या गावाला मी विसावा दिला. वैऱ्यालासुद्धा.

आणि माझ्या बायकोला मिळाला नाही.

फ्युनरल होममध्ये सगळं स्वच्छ होतं. सूनबाईनं हिला हिरवं लुगडं नेसवलं, ओटी भरली, वेणीही पुरी केली. सवाष्ण गेली, मराठी मंडळातल्या बायकांनी हळदकुंकू लावलं. तिथपर्यंत मी तग धरून होतो. मग तिला काळ्या लांब गाडीत ठेवलं, मागं आम्ही संदीपच्या गाडीत, नि दोन्ही गाड्या मोठ्या रस्त्याला लागल्या. त्या रस्त्यावर गाड्या पाण्यासारख्या धावतात. मी वाट बघत होतो, आता थांबतील, पुढच्या वळणाला थांबतील. शेवटी म्हटलं, "संदीप, त्याला थांबायला सांग. विसावा द्यायचा राहिला." तो म्हणाला, "अप्पा, फ्रीवेवर थांबता येत नाही." मी म्हटलं, "मग बाजूला घे." तो म्हणाला, "नाही थांबता येत अप्पा, प्लीज." मी काचेवर हात आपटला. पुढची काळी गाडी तशीच चालली होती, आत ती एकटी, कुणाचा खांदा नाही, कुणाची सावली नाही. तिकडं पोचल्यावर भट्टीचं एक बटण होतं. ते संदीपनं दाबलं. पाच मिनिटांत आम्ही बाहेर उभे होतो आणि कुणीतरी मला कॉफी विचारत होतं.

पोराचा काही दोष नाही. त्याच्या हातात जे होतं ते त्यानं केलं, अस्थी गावाकडं न्यायच्या म्हणून जपून ठेवल्या. पण मला ते सोसलं नाही. ती कुठंतरी मधेच राहिली आहे, त्या धावत्या रस्त्यावर, तिला टेकायला जागा सापडत नाही, असं मला सारखं वाटायचं. भैरोबाचा टाक आम्ही गावाहून आणला होता, ही रोज त्याला तेलाचा दिवा लावायची. सुतकात देव बंद ठेवतात, म्हणून मी तो फडक्यात गुंडाळून बॅगेत ठेवला. सुतक फिटलं. मी बॅग उघडली नाही. सूनबाईनं एकदा विचारलं, "अप्पा, देव बाहेर काढू का?" मी म्हटलं, "राहू दे." खरं सांगायचं तर माझं आणि भैरोबाचं बोलणं बंद झालं होतं. गावातल्या चोरापासून सावकारापर्यंत सगळ्यांच्या विसाव्याला तू समोर हजर होतास. जिनं तुला रोज दिवा लावला तिच्या वेळी कुठं गेला होतास? एवढाच माझा सवाल होता. त्याचं उत्तर आल्याशिवाय तोंड बघायचं नाही, असं मी ठरवलं होतं. देवाशी असं वागू नये म्हणतात. मी वागलो.

असे बरेच आठवडे गेले. मी घराबाहेर पडेनासा झालो. सूनबाई मृणाल नागपूरची, घरून काम करते, स्वभावानं हट्टी. एका शनिवारी दुपारी माझे बूट घेऊन समोर उभी राहिली. "चला नं अप्पा, चक्कर मारू. मीच कंटाळली आहे घरात." मला माहीत होतं की ती कंटाळलेली नाही. पण नाही म्हणायचासुद्धा कंटाळा आला होता, म्हणून निघालो. पाय आपोआप डावीकडं वळले. स्टॉपपाशी आलो आणि मी सवयीनं दगडावर बसलो, माझ्या टोकाला. फाटक करकरत होतंच.

आतून कात्रीवाली आली. इतके दिवस आम्ही नुसता हात हलवायचो. तिनं हातमोजे काढले, माझ्या शेजारच्या मोकळ्या जागेकडं पाहिलं आणि विचारलं, "युवर लेडी?" मी बोट वर केलं. म्हातारीनं तोंडावर हात ठेवला. मग मृणालशी बराच वेळ बोलली. तिचं नाव डॉरथी, नवरा जाऊन काही वर्षं झाली, चर्चची झाडं तीच बघते. मला म्हणाली, आत चला, बसा थोडं. मला जायचं नव्हतं. मृणाल म्हणाली, "अप्पा, पाणी तर पिऊ." म्हणून गेलो.

चर्चच्या आत मी जन्मात कधी गेलो नव्हतो. भिंती हातभर नाही, चांगल्या दोन हात जाड, खिडक्या अरुंद आणि वर टोकदार, किल्ल्याला असतात तशा. वर पाहिलं तर लाकडाचं छत, नाव पालथी घालावी तसं. डॉरथी सांगत होती नि मृणाल मला मराठीत करून देत होती, अर्धं मराठी अर्धं इंग्रजी, पण मला कळत होतं. हे चर्च इथलं नाही, म्हणाली. तिच्या आजोबांच्या वेळची माणसं इंग्लंडातल्या एका खेड्यातून इथं मोटारींच्या कारखान्यात कामाला आली. खेड्यात त्यांचं सात-आठशे वर्षांचं चर्च होतं. इथं पैसा साठल्यावर त्यांनी हुबेहूब तसंच बांधलं. मी मनात म्हटलं, म्हणजे आमच्या संदीपसारखीच ही माणसं. कारखान्यासाठी आली आणि गावचं देऊळ उरात घेऊन आली.

ते गावाकडचं चर्च एका दमात बांधलेलं नव्हतं. आधी लोकांना बसायचा लांब भाग झाला, आमच्याकडचा सभामंडप म्हणा. पुढं कुणी गाभाऱ्यासारखा भाग वाढवला. नातवंडांच्या वेळी चौकोनी मनोरा चढला. मधे मोठी साथ आली, निम्मं गाव मेलं, गवंडीही मेले, म्हणून एका बाजूच्या कमानी गोल आणि दुसऱ्या बाजूच्या टोकदार राहिल्या, कारण राहिलेलं काम पुढच्यांनी त्यांच्या पद्धतीनं केलं. आणि गाभारा सरळ नाही. दारात उभं राहून बघितलं तर तो जरासा एका अंगाला गेलेला दिसतो, मान कलती करावी तसा. कुणी म्हणतात गवंड्याची दोरी चुकली. कुणी म्हणतात क्रुसावर देवानं मान टाकली होती ती तशी दाखवली. इथं बांधताना लोकांनी ते वाकडेपणसुद्धा मोजून आणलं. मी विचारलं, "सरळ करता आलं असतं की." मृणालनं विचारलं. डॉरथी म्हणाली, सरळ केलं असतं तर त्यांना घर वाटलं नसतं.

बाहेर आलो. डॉरथीनं उन्हाकडच्या भिंतीवर दगडात कोरलेलं वर्तुळ दाखवलं, मधे खिळ्याचं भोक. घड्याळं नव्हती तेव्हा सावली बघून प्रार्थनेची वेळ ठरवायचे. मला ती बाई आवडली. बोलताना ती भिंतीवर हात फिरवायची, म्हशीच्या पाठीवरनं फिरवावा तसा. किती दिवसांनी माझ्या मनात दुसरा विचार आला होता. परत छपरीपाशी आलो, मी दगडावर टेकलो, आणि मला हिची आठवण येऊन थोडं हसूच आलं. मृणालला म्हटलं, "या बाईला विचार, सगळं बांधलं, मग बस का येत नाही? तुझी सासू रोज विचारायची." मृणालनं आम्ही या जागेला स्टॉप कसं समजलो ते सांगितलं. डॉरथी हसली. मग तिचं हसू थांबलं. तिनं दगडावर हात ठेवला, माझ्या मांडीला लागून, आणि हळू आवाजात काही सांगितलं.

मी मृणालला विचारलं,

"काय म्हणाली?"

"काही नाही अप्पा. असंच, हिस्ट्री. चला नं, उशीर होतोय."

"मृणाल."

"नंतर सांगते नं घरी."

"आत्ता सांग."

तिनं माझ्याकडं न बघता सांगितलं. "ती म्हणतेय की इथं... डेड बॉडी ठेवायचे. या दगडावर. त्याच्यासाठीच आहे तो. सगळं चर्च इथं नवीन बांधलं, पण हा दगड ओरिजिनल आहे, त्यांच्या गावचा. तिथली छपरी पडली तेव्हा बोटीनं आणला."

मी त्या दगडावरच बसलेलो होतो. मी उठायला गेलो. मढ्याचा दगड. सात-आठशे वर्षं ज्याच्यावर नुसती मढी ठेवली, त्यावर मी बायकोला रोज आणून बसवलं, वर तिच्याबरोबर कुरमुरे खाल्ले. ती रोज म्हणायची, बस अजून आली नाही. शेवटच्या दिवशी तर ती आपल्या पायांनी येऊन त्यावर लांब झाली, पदर घट्ट करून, आणि मी उशाला उभा राहिलो. ताटी बांधणारा माणूस मी. आडवं झालेलं माणूस मी जन्मभर पाहिलं, नि हे मला ओळखू आलं नाही. मला वाटलं, आता मीही इथंच. मृणालनं माझा दंड धरला. "अप्पा, बसा. अप्पा, माझ्याकडं बघा." मी म्हटलं, "मी तिला इथं आणलं. रोज मीच आणलं." ती म्हणाली, "अप्पा, तसं काही नसतं, हार्टचं होतं ते." मी म्हटलं, "तुला काय कळतंय." तिला मी कधी असं बोललो नव्हतो.

डॉरथी घाबरली. तिला वाटलं, आपण नको ते सांगितलं. ती माझ्यासमोर गुडघ्यावर बसली, त्या वयात, आणि माझे हात हातात घेऊन भराभर बोलायला लागली. मृणाल रडत रडत मराठीत करत होती, तेव्हा ते बोलणं मी जसं ऐकलं तसंच लिहितो.

"ती म्हणतेय, भीतीची जागा नाही ही. गावं लांब लांब होती. शेतातून, चिखलातून खांद्यावर घेऊन यायचे. मग इथं खाली ठेवायचे. रेस्ट करायचे. घाई नाही करायचे, ती म्हणतेय, वुई डोन्ट हरी देम. मग खांदा देणारे जागा चेंज करायचे, पुढचे मागं जायचे."

मी म्हटलं, "काय म्हणालीस?"

"पुढचे मागं, मागचे पुढं. मग आतून पाद्री बाहेर यायचे, इथपर्यंत, घ्यायला. गेलेल्या माणसाला एकट्यानं आत जावं लागू नये म्हणून."

"पुन्हा सांग."

तिनं पुन्हा सांगितलं. मी दगडावर हात ठेवला. मृणालला म्हटलं, "याला विसावा म्हणतात." ती शहरात वाढलेली, तिला शब्द माहीत होता पण रीत माहीत नव्हती. त्या दिवशी गाडीत मी काच का बडवत होतो हे तिला तेव्हा समजलं. ती म्हणाली, "अप्पा, आम्हाला वाटलं तुम्ही शॉकमध्ये आहात." मी म्हटलं, "होतोच."

मग डॉरथीनं आणखी एक सांगितलं. ते तिनं आपणहून सांगितलं, मी विचारलं नव्हतं. त्या संध्याकाळी हिला दगडावर आडवं झालेलं तिनं पाहिलं होतं. त्यावर असं कुणी झोपत नाही, म्हणून सांगायला ती आतून फाटकापर्यंत आली. पण ही डोळे मिटून इतकी निवांत पडली होती, की तिला हाक मारवेना. तिनं कात्री बंद केली आणि फाटकाच्या आत नुसती उभी राहिली. ही उठेपर्यंत. मग काही न बोलता परत गेली.

आतून कुणीतरी घ्यायला आलं होतं. इथपर्यंत.

मला एकदम सगळं दिसायला लागलं, आत्ता समोर घडावं तसं. ती आडवी झाली. ती फिरली, डोकं होतं तिथं पाय झाले. मीही या टोकाचा त्या टोकाला गेलो, पुढचा मागं. चिमूटभर कुरमुरे तिनं तिच्या हातानं दगडाच्या कोपऱ्यावर ठेवले. पाणी तिनं तिच्या हातानं बुडाशी सोडलं. मग म्हणाली, चला, झालं. मी जे करायला तडफडत होतो ते सगळं झालेलं होतं. मी तिथं हजर होतो, आणि शेंगदाणे वेचत होतो.

मी याच्यावर कुणाशी वाद घालणार नाही. संदीपला रात्री जेवताना सांगितलं, तर तो म्हणाला, "कोइन्सिडन्स असेल अप्पा." मग थोड्या वेळानं म्हणाला, "पण बरं झालं." मी म्हटलं, "तू भाजी घे." तो शिकलेला आहे, त्याचं त्याच्यापाशी राहू दे. मी फक्त घडलं ते सांगतो. ऊन डोळ्यांवर आलं म्हणून ती फिरली, हे मलाही माहीत आहे. चिमण्यांना ती रोजच खायला टाकायची. तरी मला एवढं समजलं, की विसावा मीच द्यायचा, माझ्याच हातानं, माझ्या गावच्या वेशीवरच, हा माझा हट्ट होता. भैरोबाचं ठाणं वेशीवर असतं. मला वाटायचं, त्याची वेस म्हणजे आमच्या गावची. कुठल्या परमुलखातल्या खेड्यातला दगड, तो बोटीत घालून इथं आणलेला, त्याच्यावर माझ्या बायकोची पाठ टेकायची होती, आणि मी मात्र धावत्या रस्त्यावर काच बडवून देवाला जाब विचारत होतो. तो गप्प नव्हता. त्याचं काम ती जाण्याच्या आदल्या दिवशीच झालं होतं. माझ्या हातातनं जे सुटलं ते खाली पडलं असंच मी धरून चाललो होतो. ते कुणीतरी झेललेलं असू शकतं, हे सत्तरी उलटेपर्यंत माझ्या ध्यानात आलं नव्हतं. आता आलं. दुःख कमी झालं असं नाही. तिची बाजू पलंगावर मोकळीच असते. पण ती त्या रस्त्यावर अडकली आहे असं आता वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळ केली आणि बॅग उघडली. भैरोबाचा टाक फडक्यातून काढला, चिंचेनं घासला, धुतला, तिच्या जागेवर मांडला आणि दिवा लावला. मी काही बोललो नाही. तोही नाही. मृणाल चहा घेऊन आली, दिवा पाहून दारातच थांबली आणि चहा ठेवून गेली. दिव्याच्या बुधलीतलं थोडं तेल मी वाटीत काढलं, कापसाची एक वात घेतली, खिशात मूठभर कुरमुरे आणि पाण्याची बाटली घेतली, आणि एकटाच निघालो.

डॉरथी अजून आली नव्हती. मी फाटकाच्या तिन्ही बिजागऱ्या आधी रुमालानं पुसल्या. गंज बराच होता. वात तेलात बुडवून वरून सोडत गेलो, फाटक थोडं उघडायचं, थोडं लावायचं, तेल आत मुरेपर्यंत. कारखान्यात करायचो तसंच. मग दगडावर माझ्या टोकाला बसलो, तिची जागा सोडून. कुरमुरे खाल्ले. चिमूटभर कोपऱ्यावर ठेवले, उरलेलं पाणी बुडाशी ओतलं. निघताना फाटक ओढून घेतलं. त्याचा आवाज आला नाही.